फुलांखालचे भालेकरी

"अंके, ठेव की तो मोबाइल! भाऊ रजा संपवून सीमेवर चाललाय," मेढ्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या ताहेराच्या शेजारी बसलेले फौजी टोपीतले म्हातारे नातीवर कुरकुरले.

"आबा, हे जपानी भालेकरी बघा. गेममधले सगळ्यात भारी."

"मग लढाई सोडून झाडाखाली का उभं केलंस?"

ताहेरा हळूच डोकावली. गुलाबी फुलं संथ गळत होती आणि भालेकरी झोपेत असल्यासारखे उभे होते.

"पुढं धाडलं की मरत्यात."

"अशानं किल्ला जाईल तुझा."

"जाऊ दे गेला तर."

"फौजीच्या घरात असं बोलत न्हाईत. आईनं बघ, कसं हसत दही दिलं भावाच्या हातावर."

गाडी लागली. अंकीचा भाऊ वीरधवल आबांच्या पाया पडला.

"येतो, आबा."

आबांनी त्याचा हात धरला, तो सोडलाच नाही.

"वीरा, नगं जाऊ रं."