हात मांडीजवळून

दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या दोघी बहिणींचं बोलणं नर्सच्या कानावर पडत होतं. थोरलीचं कोपर सुजलं होतं.

"गोल्फ मी सात वर्षं खेळतेय, तू सहा महिने. तरी तुझा चेंडू माझ्यापुढे?"

"ताई, स्टिक खाली आणताना तू हात चेंडूकडे फेकतेस. हात मांडीजवळून आले पाहिजेत. मग स्टिक आपोआप मागून येते."

"कोणी सांगितलं?"

"भावोजींनी."

"तुझ्यासाठी बरा वेळ मिळतो माझ्या नवऱ्याला! मला कधी नाही सांगितलं."

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, मला शिकवू नका."

थोरली पर्स बाकावर ठेवून उभी राहिली.

"दाखव. पण त्यांना कळता कामा नये."

नर्सनं त्यांचा नंबर पुकारणं जरा लांबवलं.