अकरा हिवाळे

मास्तर : तेच म्हणतोय मी. अगदी असंच झाड दे, कमरेएवढं, आटोपशीर. फक्त हिवाळ्यात मरणारं नको.

नर्सरीवाली : काका, आधी सांगा, हे खोदून काढलं कोणी?

मास्तर : मीच. काल दुपारी. दोन तास लागले, कंबर पार कामातून गेली. उद्या कचऱ्याची गाडी येईल, म्हणून कुंपणाला टेकवून ठेवलंय.

नर्सरीवाली : अहो, पण का?

मास्तर : का म्हणजे? आधी पिवळं पडलं, मग सगळ्या सुया गळाल्या. औषधालासुद्धा एक उरली नाही. चौतीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. सूचिपर्णी झाडं बारमाही हिरवी असतात. नसली, की मेली.

नर्सरीवाली : हा लार्च आहे, काका. बुटक्या जातीचा. आहे सूचिपर्णीच, पण याची पानगळ होते. दर हिवाळ्यात.

मास्तर : भलतंच काय! अकरा वर्षं आहे ते इथे.

नर्सरीवाली : आणि अकराही वर्षं असंच उघडं पडलंय. थांबा, तुमच्यासमोर नखाने साल खरवडते. हे बघा.

मास्तर : हिरवं आहे.

नर्सरीवाली : जिवंत आहे.

मास्तर : म्हणजे मी तिचं जिवंत झाड उपटलं? अगं, ती जाऊन सात महिने झाले. बाकी बागेची मी वाट लावली, पण याला रोज पाणी घातलं. सुया गळायला लागल्या तसं दुप्पट घातलं. मुलीलाही फोनवर सांगून बसलो, आईचं झाड गेलं म्हणून.

नर्सरीवाली : मुळांत अजून ओल आहे. एखादं पोतं आहे का? आधी झाकू या.

मास्तर : पोतं कुठे शोधू आता? हे घे. (अंगातला कोट काढून मुळांवर टाकतो.) अकरा हिवाळे त्या खिडकीत बसून पेपर वाचला मी. ही मला एका शब्दाने बोलली कशी नाही?

नर्सरीवाली : जाऊ द्या ना, काका.

मास्तर : तू काहीतरी गिळतेयस. शाळेत आयुष्य गेलंय माझं, कळतं मला. बोल.

नर्सरीवाली : काकू दर वसंतात दुकानात यायच्या. म्हणायच्या, "भूगोलाच्या मास्तरांच्या घरात असलं झाड! बघू, कधी विचारतात, हे असं कसं म्हणून." आणि पुढच्या वर्षी आल्या की, "यंदाही नाही विचारलं."

मास्तर : हसून सांगायची?

नर्सरीवाली : सुरुवातीला हसून.

मास्तर : आणि नंतर?

नर्सरीवाली : नंतर नुसतं खत घेऊन जायच्या.

मास्तर : सात महिने झाले, घरात कुणी विचारत नाही, चहा टाकू का म्हणून. मला वाटायचं, माझ्याइतकं एकटं जगात कुणी नसेल. ती तर मी घरात असताना एकटी होती गं.

नर्सरीवाली : फावडं कुठाय? आता उशीर नको.

मास्तर : जगेल का?

नर्सरीवाली : खोटं नाही सांगणार. वसंतात डोळे फुटले तर जगलं. तोवर पाणी बेताने घाला आणि धीर धरा. पण खड्डा तिकडे, कुंपणापाशी घेऊ या का? तिकडे ऊन चांगलं आहे.

मास्तर : मग तिने इथे सावलीत कशाला लावलं?

नर्सरीवाली : मीही तेच विचारलं होतं. म्हणाल्या, त्यांच्या खुर्चीतून दिसायला हवं.

मास्तर : मग आहे त्याच खड्ड्यात लावू. तू जरा धरून उभी राहा. मी आत खुर्चीत बसून बघतो, नीट दिसतंय का ते.