रिसेप्शनच्या भिंतीवरचा कोंडीराम

नाही, पण मी म्हणतो, दुसऱ्याच्या फोटोला हात लावायचाच कशाला? चित्रकार आहेस ना, मग काढ की चित्रं! डोंगर काढ, फुलदाणी काढ, एखादी बाई काढ... पण नाही! आमच्या समोरच्या ब्लॉकमधला प्रज्ञेश ओव्हाळ, अख्ख्या बिबवेवाडीत त्याला ‘आर्टिस्ट’ म्हणतात आणि त्याच्या हातात ब्रश म्हणाल तर मी फक्त दाढीचा पाहिलाय! जाहिरात कंपनीतली चांगली नोकरी सोडली आणि जाऊन बसायला लागला कुठं, तर रद्दीच्या दुकानात. जुनी वर्तमानपत्रं उपसायची, त्यातल्या ‘हरवले आहेत’च्या जाहिराती कापायच्या, झेरॉक्सवर मोठ्या करायच्या, आणखी मोठ्या, भिंतीएवढ्या... आणि मग त्या चेहऱ्यांवर शर्टाची बटणं शिवायची, बसची तिकिटं चिकटवायची, गंजकी कुलपं टांगायची! विचारलं, ‘काय रे हे?’ तर म्हणतो, ‘काका, सापडलेल्या वस्तूंतून हरवलेली माणसं.’ असं होय! तुम्हाला सांगतो, त्याच्या आईनं, सुंदराबाईंनी, बटण शोधायला त्याच्याच खोलीत जायचं आणि कोणाच्या तरी डोळ्याच्या जागी सापडायचं!

बरं, घरात केलंस तेवढं ठीक. पण सन दोन हजार एक, हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीची नवी काचेची बिल्डिंग उभी राहिली, आणि त्यांना रिसेप्शनच्या भिंतीवर ‘काहीतरी मॉडर्न’ हवं होतं. झालं! याचं आयुष्यातलं पहिलं मोठं काम. दुपारी चारला उद्घाटन, डायरेक्टरसाहेब येणार, पेपरवाले फोटो काढणार. सकाळी दहाला हा शिडीवर, कोपरे ठीकठाक करतोय. मधोमध सगळ्यात मोठा चेहरा, दहा फुटी. खाली नव्वद सालची मूळ जाहिरात जशीच्या तशी... ‘कोंडीराम, वय एकोणतीस, रंग सावळा, डाव्या भुवईवर व्रण. असाल तिथून निघून या. कोणी रागावणार नाही. वेणू.’ आणि त्याखाली नीरा गावचा पूर्ण पत्ता.

तेवढ्यात शिडीच्या तळाशी कोणीतरी खाकरलं. बघतो तर गेटवरचा सिक्युरिटीवाला. बिल्ल्यावर नाव ‘रतन’, टोपी हातात.

‘सायेब, त्ये खाली घ्या.’

‘का? तिरकं लागलंय?’

‘न्हाय सायेब. त्ये... मी हाय.’

प्रज्ञेशनं वर बघितलं, खाली बघितलं. वरच्या डाव्या भुवईवर व्रण, खालच्या डाव्या भुवईवर व्रण! शिडी हलायला लागली हो! अकरा वर्षं हा माणूस नाव बदलून पुण्यात राहतोय, घरापासून फार तर दोन तासांवर! आणि चित्र कालपासून भिंतीवर. शंभर इंजिनिअर या माणसाला कार्ड दाखवून आत गेले, आत याच माणसाचं तोंड बघून ‘वॉव’ म्हणाले, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही!

‘अहो, मग घरी का नाही गेलात?’

‘कोणत्या तोंडानं जाऊ, सायेब?’

प्रज्ञेशची नजर आपोआप वर गेली. दहा फुटी तोंड! ‘पण झालं काय होतं?’ तर तो टोपी फिरवत बसला. ‘त्ये इचारू नका. लाज वाटती. पर उद्याच्याला पेपरात फोटू आला तर नीरेला पेपर जातो. तुम्ही उतरवा, न्हायतर मी हितनं पण जातो. आता कुठं जायचं, त्ये तेवढं ठरायचंय.’

दुसऱ्याच्या फोटोला हात लावायचा कशाला? तुझं ते बटणांचं चित्र असेल, पण त्याचं ते तोंड आहे ना!

हा गेला निकिता मॅडमकडे, कार्यक्रम त्यांच्याकडे होता. ‘प्रज्ञेश, लिसन! मेन पीसच काढला तर राहिलं काय? इन्व्हिटेशनवर तोच फोटो आहे. सर चारला येतायत. आता ड्रामा नको हं, प्लीज!’ आणि टकटक टकटक निघून गेल्या. साडेबारा झाले. एक झाला. शेवटी यानं ठरवलं, बाबांना बोलवायचं, दोघांनी मिळून चित्र उतरवायचं, पुढचं पुढं! फोन लावला घरी. याचे वडील बाबुराव, पोस्टमन म्हणून रिटायर झालेले, उभी हयात बटवड्यात गेली.

‘निघालोच मी,’ बाबुराव म्हणतात, ‘त्या पोचल्या का?’

‘कोण त्या?’

‘वेणूबाई, नीरेच्या. त्या कोंडीरामची बायको. अरे, तुझ्या जाहिरातीवर पत्ता होता, मी कार्ड टाकलं. उत्तर आलंय, चारपर्यंत येते म्हणून.’

‘बाबा! ती अकरा वर्षांपूर्वीची जाहिरात आहे!’

‘असेना. पत्ता पूर्ण होता.’

घ्या! बाप तसा मुलगा! प्रज्ञेशनं रिसीव्हर ठेवला आणि तिथंच उभा राहिला. रतनला सांगावं, तर तो पळणार. न सांगावं, तर फसवणूक. त्या बाईनं अकरा वर्षांनी यायचं आणि बघायचं काय, तर नवऱ्याच्या डोळ्यांवर शिवलेली बटणं? काचेतून गेट दिसत होतं. रतननं खुर्चीखाली पिशवी आणून ठेवली होती. दोन... तीन... साडेतीन... तुम्हाला सांगतो, त्या एसीत त्या पोराचा शर्ट पाठीला चिकटला होता! पावणेचारला मात्र त्याला राहवेना. धावत गेला गेटवर. ‘त्या येतायत. तुमच्या मिसेस. माझ्या वडलांनी बोलावलंय. मला माहीत नव्हतं, पण दुपारपासून माहीत आहे आणि मी बोललो नाही. जायचं तर आत्ता जा.’

रतननं पिशवी उचलली. दोन पावलं गेला... थांबला. परत आला. खुर्चीवर बसला.

‘अहो, जा ना!’

‘रिलीव्हर सहाला येतो, सायेब. ड्यूटी सोडून कसा जाऊ?’

ऐका! घर सोडून अकरा वर्षं झाली, पण याच्यानं गेट सोडवेना!

आणि आली हो ती. रिक्षातून उतरली, डोक्यावर पदर, हातात बाबुरावांचं कार्ड. गेटवर नियम म्हणजे नियम, रजिस्टरमध्ये नोंद! यानं मान खाली घातली, पेन उचललं.

‘नाव?’

‘वेणूबाई कोंडीराम...’

पेन थांबलं. आणि सवय बघा माणसाची, तोंडातून निघून गेलं, ‘कुणाला भेटायचंय?’

तिनं टोपीकडे बघितलं, बिल्ल्याकडे बघितलं, मग भुवईकडे. प्रज्ञेश तीन हातांवर उभा, त्याला स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं. आणि ती म्हणाली, अगदी हळू,

‘पेढे आणाया गेला व्हता न्हवं तुम्ही? गावले का?’

पेढे! अहो, एसटी डेपोत हेल्पर होता हा, क्लार्कच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला, आणि घरी सगळे दारात वाट बघत उभे, तर याच्या तोंडून निघालं ‘पास!’ आईनं कपाळाला कुंकू लावलं, शेजारी जमले, ‘पेढे कुठायत?’... हा पेढे आणायला गेला तो गेलाच! दुसरं काही नाही. बाई नाही, बाटली नाही, भानगड नाही... एक ‘पास’!

‘पोरगी औंदा दहावीला बसलीया,’ वेणूबाई म्हणाली. ‘नापास झाली तरी घरीच यील ती.’

रतननं तोंडावर टोपी धरली ती धरलीच.

तेवढ्यात डायरेक्टरसाहेबांची गाडी, कॅमेरे, निकिता मॅडमची धावपळ... आणि या सगळ्यांच्या आधी वेणूबाई आत, थेट भिंतीसमोर! खूप वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘ह्ये उतरवा. मीच छापलं व्हतं ह्ये. माणूस गावला, आता जाहिरात कशाला?’

‘प्रज्ञेश, डोन्ट यू डेअर!’ निकिता मॅडम. पण तो शिडीवर चढला होता. सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर, स्वतःच्या हातानं दोऱ्या कापल्या. बटणं टपटप खाली, डायरेक्टरसाहेबांच्या बुटांवर! कंपनीनं त्याच संध्याकाळी बाकीचे चेहरेही परत दिले आणि तिथं धबधब्याचं पोस्टर लावलं. वेणूबाई गेटजवळच्या दगडावर सहापर्यंत बसून राहिली. रिलीव्हर आला, यानं सही केली, आणि दोघं एकमेकांशी एक अक्षर न बोलता एकाच बसच्या लायनीत उभे राहिले. जाहिरातीत लिहिलं होतं ना, कोणी रागावणार नाही? अहो, चांगले रागावले असणार! रागवायलाच पाहिजे!

इथं संपावं की नाही? पण बातमी फुटली. ‘बिबवेवाडीत एक जण फोटो लावतो आणि माणूस सापडतो!’ झालं, रोज कोणीतरी फोटो घेऊन दारात! त्याची खोली भरली, हॉल भरला, फोटो जिन्यात आले. मी सोसायटीचा सेक्रेटरी. परवा नोटीस लिहिली, ‘जिन्यात फोटो लावू नयेत’, आणि खिळा-हातोडा घेऊन लावायला निघालो, तर पायरीवर एक म्हातारी. कात्रजहून आलेली, भावाचा फोटो पदराखाली. प्रज्ञेश घरी नाही. मला म्हणते, ‘बटणं-बिटणं काही नको हं, दादा. आहे तसाच लावा.’

म्हटलं, तिकडं नको, दुपारचं ऊन येतं. माझ्या दारापाशी जागा आहे.

आणि नोटिशीसाठी आणलेला खिळा... ठोकला. काय करणार?