सायरचं वर्षश्राद्ध

घीसूलाल : …निदान फोटो तरी बदल, सायरबाई. तोच हार घातलेला फोटो परत?

सायर : तोच. काळी बॉर्डरही तीच. तुमचंच डिझाईन आहे, काकोसा, कॉम्प्युटरमध्ये असेलच. फक्त ‘बाराव्याचं जेवण’ काढा आणि तिथं ‘वर्षश्राद्ध’ घाला.

घीसूलाल : जिवंत बाईचं वर्षश्राद्ध! आणि तेही तिनंच घालायचं!

सायर : बारावं छापलंत तेव्हाही जिवंतच होते की. उदयपुरात नवऱ्याला चहा देत होते, तेवढ्यात मोबाईलवर तुमचं कार्ड आलं. ‘स्वर्गीय सायर.’ बाऊजी माझ्या नावानं आंघोळ करून थांबले असते तर मी गप्प बसले असते. त्यांनी अख्खं गाव जेवायला घातलं.

घीसूलाल : तू जातीबाहेर लग्न केलंस, पंच खवळले. तुझ्या बाऊजींनी सांगितलं, मी छापलं. नाही म्हटलं असतं तर मला वाळीत टाकलं असतं. हे छापलं तर आता टाकतील.

सायर : मग पोलीस ठाण्यात जाऊ? मृत्युभोजाला कायद्यानं बंदी आहे. त्या कार्डाच्या तळाशी तुमच्या छापखान्याचं नाव आहे, फोन नंबरासकट.

घीसूलाल : वा! आणि तुझं हे काय, मंगळागौर आहे?

सायर : मेलेल्याच्या नावानं जेवण घालायला बंदी आहे. मी जिवंत आहे. जिवंत बाईनं चार लोकांना लापशी खाऊ घातली तर कोण पकडतो बघू.

सुगनी : (आतून चहा घेऊन येत) छापा हो मुकाट्यानं. तेव्हा मी कानीकपाळी ओरडत होते, जित्या पोरीचं असलं छापू नका. ऐकलंत?

घीसूलाल : तू आणखी तेल ओत! बोल बाई, काय काय घालायचं?

सायर : प्रत्येक कार्डावर पाहुण्याचं नाव, आणि नावाखाली ज्याची त्याची वेगळी ओळ. त्या जेवणाचा व्हिडिओ लोकांनी मोबाईलवर मिरवला होता, मला तोंडपाठ झालाय. घ्या. पटवारीजी. ‘गेल्या खेपेला बुंदी दोनदा घेतलीत. यंदा तिसऱ्यांदा मागायला लाजू नये.’

घीसूलाल : अरे रामा.

सायर : माझा भाऊ. ‘यंदा मुंडण नको. आता कुठे केस वाढलेत.’

सुगनी : हे मोठ्या अक्षरात घाला हो!

सायर : तुमचंही एक काढा, काकोसा. कढी ओरपताना दिसताय तुम्ही. ओळ तुमची तुम्ही ठरवा.

घीसूलाल : …आणि बाऊजींना?

सायर : बाऊजींना लिहा, ‘पोटभर जेवा. वाढायला मी आहे.’

घीसूलाल : ते जन्मात यायचे नाहीत.

सायर : नाही आले तर नाही. कार्ड तर त्या घरात शिरेल. आता माईचं घ्या. ‘माई, माझ्या बाराव्याच्या पुऱ्या वाढताना तुझा हात कसा थरथरला नाही?’

सुगनी : हे नको लिहूस.

सायर : का नको? परात घेऊन फिरतेय ती व्हिडिओत. सगळ्यांत जास्त राग मला तिचाच आहे, काकीसा.

सुगनी : तिला वाढायला लावलं गं. मग शेवटच्या पंगतीला माझ्या शेजारी बसवलं. तुझे बाऊजी समोर उभे. म्हणाले, लोक बघतायत, एक घास खा. तिनं ताटावर ओढणी टाकली आणि भर पंगतीत म्हणाली, ‘माझी पोर आज जेवली की नाही मला ठाऊक नाही. मी कशी जेवू?’

सायर : माई असं म्हणाली?

सुगनी : तेव्हापासून तिला घराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत ते. बायकांच्या शेवटच्या पंगतीचा व्हिडिओ कोण काढतंय!

घीसूलाल : मग… माईच्या कार्डावर काय घालू?

सायर : तिचं कार्ड नको. काकीसा, थोडे तांदूळ हळदीत पिवळे करून द्या.

सुगनी : देते की. आपल्या माणसाला हातावर पिवळे तांदूळ ठेवूनच बोलवायचं असतं.

घीसूलाल : अगं, ते शुभकार्याला, श्राद्धाला कुठे पिवळे तांदूळ असतात! आणि आत्ता तिच्याकडे जाणार? भरदिवसा? बाऊजी दारातच बसलेले असतात!

सायर : बसू देत. सगळ्या गावासमोर मला मारलंय त्यांनी. आता मेलेल्या बाईला कोणत्या तोंडानं अडवतील?