भेंडीला कोण सांगणार?

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं आजारी पडायचं सोंग केलं तर ते लोकांनी इतकं मनावर घ्यावं? तुम्हाला सांगतो, मला काहीही झालेलं नव्हतं! दीड एकर भेंडी तोडायला आलेली, घरात मी आणि ही, दोघांचे मिळून गुडघे चार, त्यातला धड एक, तोही हिचा. गावात उरलंय कोण? ज्यांना वाकता येतं ते सगळे शहरात, आणि जे गावात आहेत ते एकदा वाकले की त्यांना सरळ करायला दुसरा लागतो, आणि तो शहरात! बरं, भेंडी म्हणजे काय भोपळा आहे, की पडून राहील? एक दिवसाआड तोडावी लागते. नाही तोडली तर निबर होते, आणि निबर झालेली झाडावर राहिली की झाड पुढची धरतच नाही. अख्खा हंगाम गेला!

म्हणून थोरल्याला फोन केला. म्हटलं, बाबा रे, दोन दिवस ये. तर म्हणतो, सुट्टी नाही, दुकानात गर्दी आहे. हा तिकडे एका मोठ्या दुकानात भाजी रचतो. कुठली भाजी? भेंडी! दिवसभर गार हवेत उभा राहून भेंडीचे ढीग लावतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगतो, टोकं मोडून बघू नका. अरे, इथं सख्ख्या बापाची भेंडी टोक मोडायलाही कोणी नाही! तर म्हणे, "रविवारपर्यंत थांबा, बाबा." मी थांबेन रे, मला सवय आहे, पण भेंडीला कोण सांगणार? रविवारपर्यंत ती अशी होईल की विकायला सुताराकडे न्यावी लागेल.

धाकट्याला केला. हा दवाखान्यात वॉर्डबॉय. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघतो. पुढच्या आठवड्यात काय बघणार, बिया?

मग मला बुद्धी सुचली. सुचायला नको होती. हिला म्हटलं, फोन कर आणि सांग, यांच्या छातीत कळ आली. आधी नाही-नाही म्हणाली, आणि मग फोनवर असा काही हंबरडा फोडला... तुम्हाला सांगतो, क्षणभर मलाच वाटलं, मी गेलो!

पोरं चार तासांत दारात. मिळाल्या की सुट्ट्या, दोघांनाही! मी खाटेवर कण्हत मनात बेत करतोय, आता जरा बरं वाटतंय म्हणायचं आणि हळूच भेंडीचा विषय काढायचा. कसलं काय! धाकट्यानं अँब्युलन्सच आणलेली. मी म्हणतोय, मी ठणठणीत आहे. तो म्हणतो, सगळे पेशंट असंच म्हणतात. उचललं, आडवं केलं, निघाली गाडी शेताच्या कडेनं, आणि थोरला खिडकीतून बघून मला विचारतो, "बाबा, माल तयार झालाय, तोडला कसा नाही अजून?"

वॉर्डबॉयचा बाप म्हणून खिडकीजवळची खाट. दोन दिवस तपासण्या. काही सापडेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी प्रेमानं विचारलं, कसली काळजी करता का, आजोबा? म्हटलं, भेंडीची. बाईंनी कागदावर लिहिलं, असंबद्ध बोलतात, आणखी एक दिवस ठेवा. अहो बाई, मी राहतो, पण भेंडीला कोण सांगणार?

चौथ्या दिवशी परत आलो, तर शेतात आठ माणसं वाकलेली! हिनं कुठून तरी लांबून टोळी बोलावली होती. निबर झालेली सगळी काढून टाकली, कोवळी क्रेटमध्ये भरली, झाडं वाचली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. टोळीच्या म्होरक्याला म्हटलं, तुमच्याकडे काय पिकतं? म्हणाला, "भेंडीच. दोन एकर आहे, पण तोडायला माणसं मिळत नाहीत, म्हणून वैतागून इकडे आलो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याचा बाप. पोरा, दोन दिवस ये म्हणत होता. पोरगा म्हणे, इथलं काम टाकून कसा येऊ? मला राहवेना, मी फोन घेतला. अर्धा तास बोललो आम्ही, सख्खे भाऊ बोलणार नाहीत इतकं! शेवटी तो म्हातारा म्हणाला, "तुम्हाला तोडता येते ना? मग तुम्हीच या." म्हटलं, गुडघे दुखतात हो. म्हणाला, "माझेही दुखतात. या."

तर आता असं ठरलंय, त्याचा पोरगा इथं राहून माझी भेंडी तोडणार, आणि मी तिकडे जाऊन त्याच्या बापाची. उद्या सकाळची गाडी आहे.