डब्यातला चुरा

आई : डबा कोणी घासला?

मुलगा : कुठला डबा?

आई : आत्ता माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवलास तो. आल्याच्या बिस्किटांचा.

मुलगा : मीच घासला. कामावर नळ होता. म्हटलं, तेवढंच तुझं काम कमी.

आई : तू घासलास?

मुलगा : हो गं. त्यात काय एवढं?

आई : शाळेत होतास तेव्हापासून डबा देतेय तुला. लग्न झालं, कानशिलं पांढरी व्हायला लागली. कधी घासून आणलायस? तळाशी चुरा असतो. मी हलवते, खुळखुळ वाजला की कळतं, पोरानं खाल्लं. आणि आता महिनाभर बघतेय, डबा कोरा करकरीत.

मुलगा : माणूस सुधारला तरी तुला त्रास!

आई : सुधारतोस कसला? स्वतःचा चहाचा कप उचलत नाहीस जागचा.

सून : ते मात्र खरंय हं.

मुलगा : तू कुणाच्या बाजूनं आहेस?

सून : जे कप उचलतात त्यांच्या.

आई : बस इथं. ही आत्ता ओव्हनमधून काढलीयत. एक खा.

मुलगा : जेवणाची वेळ झालीय गं, नंतर खातो.

आई : बिस्किटाला नाही म्हणतोयस? तू?

मुलगा : बरं, दे... हं. मस्त झालंय.

आई : चाव की मग. गालात काय धरून ठेवलंयस?

मुलगा : चावतोय.

आई : आणि पाणी कशाला?

मुलगा : तहान लागलीय. आज सगळे जिने पायी चढलोय. लिफ्ट बंद होती.

आई : लिफ्टचा मेकॅनिक आणि जिने चढतो?

मुलगा : बंद असते म्हणूनच बोलावतात ना गं मला!

आई : विषय बदलू नकोस. तुझ्या पिशवीत हे दुकानातल्या बिस्किटांचं पाकीट कसं आलं?

सून : ते... मी ठेवते, आई.

आई : म्हणजे तुलाही माहितीय. जे काय आहे ते सगळ्या घराला माहितीय, फक्त मी सोडून. सांगा कुणीतरी.

सून : सांग रे आता. आज ना उद्या सांगायचंच होतं.

मुलगा : मीठ.

आई : मिठाचं काय?

मुलगा : जास्त होतं. म्हणजे... खूपच होतं. एकदा जाड्याला दिलं एक.

आई : तो तुझा जोडीदार? सगळ्यांचे उरलेले डबे पुसून खातो तो?

मुलगा : हो. त्यानं ते... जाऊ दे ना.

आई : थुंकला.

मुलगा : नंतर सॉरी म्हणाला बिचारा.

आई : आणि बाकीची? महिनाभराची? टाकलीस?

मुलगा : टाकवेनात गं. लॉकरमध्ये ठेवलीयत. हत्यारांच्या मागं, पिशवीत.

आई : सगळी?

मुलगा : सगळी. मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत.

सून : अरे!

मुलगा : तसं नाही... आई, हस की. आई? 

आई : महिन्यापूर्वी ताप आला होता ना, तेव्हापासून मला कशाची चवच लागत नाही रे. गोड नाही, तिखट नाही, सगळं पुठ्ठ्यासारखं. वास पण गेलाय. पीठ जिभेवर ठेवते, मीठ घातलंय की नाही, कळत नाही. मग आणखी घालते.

सून : आणि आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत?

आई : बोलले असते तर म्हणाला असतात, आई, आता तुम्ही बसा.

मुलगा : कोण म्हणणार होतं असं?

आई : तू कामावर असताना मी फोन करते तेव्हा काय विचारते तुला?

मुलगा : जेवलास का.

आई : आणि?

मुलगा : आणि काही नाही. ठेवून देतेस.

आई : तेवढंच येतं मला. बाकीचं सगळं डब्यात घालत होते. आता राहू दे. तिचं पाकीट ठीक आहे.

सून : आई, चुकलंच माझं. हा उपाशीपोटी चढउतर करतो, म्हणून...

आई : तू बरोबर केलंस पोरी. मीच नको तो हट्ट धरून बसले.

मुलगा : मैदा आहे का घरात?

आई : कशाला?

मुलगा : नवीन पीठ मळ. चाखायचं काम माझं.

आई : तुझं? किसलेलं आलं आणि किसलेला बटाटा यातला फरक कळत नाही तुला.

मुलगा : मला ओट्यावर बसवून बोटानं कच्चं पीठ कोण चाटवायचं?

आई : रडायचास, म्हणून.

मुलगा : मग ती चव माझ्याकडे आहे ना अजून. ऊठ. आणि उद्या डॉक्टरकडे जायचं, ते वेगळं.

सून : लोणी काढते मी. आई, साखर किती?

आई : त्या वाटीनं दोन. हं, फेस आता... आलं टाक. घे रे. कसं आहे?

मुलगा : गोड.

आई : गोड तर नुसती साखरही असते, ठोंब्या! घशाशी लागतंय का काही?

मुलगा : थांब... नाही.

आई : मग आलं कमी आहे. अजून किस. आता?

मुलगा : हं. लागलं. कानामागं.

सून : कानामागं? चव?

मुलगा : खरंच. इथं, कानाच्या मागं चुरचुरतंय.

आई : इथं? अगदी इथंच?

मुलगा : काय झालं?

आई : काही नाही. मलाही तिथंच लागायचं. झालं म्हण. आता चिमूटभर मीठ.

मुलगा : तुझी चिमूट नको. माझी.

आई : बरं बाबा, तुझी.

(आठवड्यानंतर. तेच टेबल.)

आई : आलास? डबा कुठाय?

मुलगा : हा घे. पण या वेळी आलं जास्त झालं होतं हं.

आई : चाखलं कुणी होतं?

मुलगा : मीच. पुढच्या वेळेसाठी सांगतोय आपलं.

सून : जाड्याला दिलंस की नाही?

मुलगा : मागत होता. म्हटलं, तू थुंकतोस.

सून : शी! किती डूख धरशील... आई, डबा कानाला काय लावताय?

आई : गप्प बसा दोघं. वाजतोय.