मागची दाढ

अहो, माझ्या दाढेचं ऐका. मी तेव्हा झाशीला मालगाडीवर गार्ड होतो आणि चार दिवस पातळ खिचडीवर ड्यूटी करत होतो. दातांच्या कॉलेजात शिकणारी मुलं सरांच्या देखरेखीखाली स्वस्तात दाढ काढून देतात असं कळलं, म्हणून तिकडे गेलो.

माझ्या वाट्याला एक घाबरलेली मुलगी आली. "अंकलजी, बिलकुल दर्द नहीं होगा," म्हणत तिनं इंजेक्शन दिलं. गाल बधिर झाल्यावर पक्कड तोंडात घातली आणि स्वतःशीच पुटपुटली, "अगं बाई, हीच ना ती? की मागची?"

इथे मराठी कोणाला कळतंय, असं तिला वाटलं असणार. मी तिचं मनगटच धरलं आणि पक्कड तोंडाबाहेर काढली. "मागची! मागची गं पोरी!"

ती लाजून लाल झाली. "काका, तुम्ही मराठी?"

"दाढसुद्धा मराठीच आहे. काढ आता."

ती खुदकन हसली. तिनं सरांना बोलावून दाढ दाखवली, त्यांनी मान हलवली, आणि एका हिसक्यात दाढ बाहेर!

सरांनी विचारलं, "आप दोनों में क्या बातें हो रही थीं?"

तोंडातला कापूस सांभाळत मी म्हणालो, "कुछ नहीं, सर. घर की बात है."